त्यांचा कीपर चांगला होता

सर, गेलं वर्षभर मला एका जागी बसवत नाही. ऑफिसात फाइल उघडतो आणि उठून खिडकीशी जातो. घरी जेवताना अर्ध्यावर पाणी प्यायच्या निमित्तानं उठतो, ते परत ताटावर यायचं विसरतो. बायको म्हणते, "पायाला भिंगरी लागली का तुमच्या? बसा की घडीभर." संध्याकाळी मैदानावर पोरांचा सराव घेतो, तिथंही एका नेटवर थांबत नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहतो. तुम्ही असता तर एव्हाना गेवराईची एसटी पकडून तुमच्या दारात येऊन बसलो असतो. तुम्ही नाही, म्हणून हे लिहायला बसलो. लिहितानाही दोनदा उठलो, हे सांगून टाकतो.

कारण मुलगा आहे. तुम्ही त्याला पाहिलं होतं ते मांडीवर. त्याच्या मुठी सोडवून बोटं सरळ करून बघितली होती तुम्ही, आणि तुमच्या बायकोला, म्हणजे आमच्या चाचींना, म्हणाला होता, "बोटं लांब हायेत बरं का याची." तो पुढं कीपरच झाला. मी त्याला बॉलर करायचा लई प्रयत्न केला, सर, पण तो स्टंपांमागं जाऊन बसायचा. आता तो चोवीस वर्षांचा आहे आणि गेल्या सीझनला राज्याच्या संघात होता. संघात म्हणजे पंधरा जणांत. अकरा जणांत नाही. बॅट्समन सहा लागतात, बॉलर चार-पाच लागतात, कीपर एकच लागतो. पहिला कीपर आजारी पडायचा नाही, त्याचं बोट मोडायचं नाही, आणि माझा मुलगा पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात पळत जायचा आणि पळत परत यायचा.

त्याच सीझनमध्ये एकदा त्याचा फोन आला. पूर्वेकडच्या एका डोंगराळ राज्याचा संघ नवा आहे, त्यांना बाहेरचा कीपर हवा आहे, त्यांनी विचारलं आहे. तिकडं गेला तर पहिल्या सामन्यापासून अकरा जणांत. पण इथली एनओसी घेऊन एकदा बाहेर पडलं की परत यायचा रस्ता सोपा नसतो. "पप्पा, तुम्ही काय म्हणता?" असं त्यानं विचारलं.  मी त्याला तुमची गोष्ट सांगितली. लहानपणापासून ऐकत आलाय तो ती, तरी परत सांगितली. त्यानं ऐकून घेतली. शेवटी "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. तेव्हापासून मी फिरतोय.

ती गोष्ट मी तुमच्याकडून ऐकलेली नव्हती. तुम्ही स्वतःबद्दल काही सांगायचाच नाही. तलवाड्याच्या शाळेत तुम्ही आम्हाला पीटी शिकवायचा, आणि शाळा सुटल्यावर काथ्याची मॅट अंथरून आमची क्रिकेटची शाळा भरायची. मी चकलांब्याहून सायकलवर यायचो. डावखुरा होतो, बॉल आपोआप वळायचा, आणि तुम्ही स्वतः स्टंपांना नाक लावून मागं बसायचा. पन्नाशीचा माणूस, धोतराच्या कापडाच्या पट्ट्या बोटांना गुंडाळलेल्या, आणि बॉल तुमच्या हातात जायचा तेव्हा आवाज यायचा नाही. माझ्या दृष्टीनं ती जादू होती. एकदा सरावानंतर तुम्ही मला घरी नेलं. चाची चुलीपुढं भाकऱ्या टाकत होत्या. तुम्ही खुंटीला टोपी अडकवली आणि म्हणालात, "वांगं फेक गं." चाचींनी न बघता टोपलीतलं वांगं मागं फेकलं, तुम्ही झेललं. परत एक. परत एक. "आवाज आला का?" तुम्ही मला विचारलं. नव्हता आला. "आवाज आला म्हंजे हात कडक हाय. हात बॉलच्या मागं गेला पायजे, बॉलच्या पुढं न्हाई." चाची म्हणाल्या, "भाजीशी खेळनं झालं असंल तर बसा जेवायला." जेवताना तुम्ही डाव्या हातानं भाकरी धरून उजव्यानं मोडायचा, कारण उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वळतच नव्हती. ती कुणाच्या बॉलिंगवर मोडली ते मात्र तुम्ही हौसेनं सांगायचा.

तेवढंच सांगायचा, हैदराबादच्या त्या जुन्या संघाचं. बीड तेव्हा निजामाच्या मुलखातलं, म्हणून चांगला खेळणारा पोरगा परळीला रेल्वेत बसायचा आणि हैदराबादला जायचा. पुणं-मुंबई आपल्याला परकी होती. तुमच्या बोलण्यातून तो संघ मला इतका पाठ झाला होता की त्यातल्या माणसांना मी रस्त्यात ओळखलं असतं. कॅप्टन जहागीरदारांच्या घरातले, टॉस जिंकला तरी समोरच्याला आधी "आप फरमाइए" म्हणणारे. एक लेगस्पिनर पोलिसात होता, तो बॉल टाकायच्या आधी बॉलशी पुटपुटायचा, आणि त्यानंच तुमची बोटं मोडली, कारण त्याची गुगली तुम्हालाही कळायची नाही. रेल्वेतला एक फास्ट बॉलर चार वाजता ड्युटी आहे म्हणून कॅप्टनकडं शेवटची ओव्हर मागायचा. तुम्ही त्या संघाकडून मोजकेच सामने खेळलात, पण प्रथम श्रेणीचे. तलवाड्याच्या पंचक्रोशीत प्रथम श्रेणी म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. मग राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या, आपला मुलूख मराठी राज्यात आला, आणि तुमचा खेळ थांबला. का थांबला, हे विचारलं की तुम्ही मॅटचे खिळे मोजायला लागायचा.

मला ते हैदराबादमध्ये कळलं. मी तोवर राज्याच्या संघात आलो होतो आणि बाद फेरीत हैदराबादशी गाठ पडली. तुम्ही परळीहून रात्रभर प्रवास करून आलात. दुसऱ्या दिवशी मी सीमारेषेवर उभा असताना स्टँडमध्ये पाहिलं, तर तुम्ही चार म्हाताऱ्यांच्या मधे बसलेले, आणि सगळे एकदम बोलत होते. त्या दिवशी मला चार विकेट मिळाल्या. खेळ संपल्यावर मी वर आलो. तुम्ही नमाजाला गेला होता. पांढऱ्या शेरवानीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी माझा हात हातात घेतला, आणि मी लगेच ओळखलं, हेच ते कॅप्टन. ते म्हणाले, "तुम्हारे उस्ताद को हमने बहोत रोका था. नौकरी लगा दी थी, घर देख लिया था. बोले, मेरी मिट्टी उधर गई तो मैं इधर कैसे रहूँ." त्यांचे डोळे भरले. माझेही. त्या एका वाक्यावर मी पुढची तीस वर्षं काढली, सर. प्रत्येक बक्षीस समारंभात, वडवणीपासून बीडपर्यंत जिथं म्हणून माइक हातात आला तिथं, मी सांगितलं: आमच्या सरांनी मातीसाठी संघ सोडला. लोक टाळ्या वाजवायचे. माझा मुलगा पहिल्या रांगेत बसून ते ऐकत मोठा झाला.

आणि मी त्याला फोनवर तेच ऐकवलं.

नंतर मला राहवेना. रविवारी गेवराईला गेलो. तुमच्या धाकट्याचं बॅटरीचं दुकान आता पुढं रस्त्याला लागून आहे, घर मागं. चाची खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. नजर अधू झालीय, पण मला आवाजावरून ओळखलं. "ये बेटा. लई दिसांनी." मी मुलाचं सांगितलं. म्हटलं, त्याला बाहेरच्या राज्याकडून बोलावणं आलंय, मी त्याला सरांचं उदाहरण दिलंय. त्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली.

"कंचं उदाहरन?"

मी मातीचं वाक्य म्हणून दाखवलं. त्या हसल्या. म्हातारी माणसं पोरांना हसतात तसं हसल्या.

"मातीबितीचं काय न्हाई बेटा. जाताना दोस्तांना कायतरी सांगावं लागतं ना, ते सांगितलं. तुझ्या सरांना वाटलं, आता आपन पुन्याकडचे झालो, तर तिकडचे बोलावतील. तिकडचा संघ मोठा, तिकडं नाव मोठं. लई उमेद होती त्यांना. मला म्हनले, बघ, पुन्याला घर करू."

"मग?"

"मग काय. दिवाळी झाली की ग्लोव्हजला तेल लावायचे. बॅग भरायला लावायचे मला. असे चार हिवाळे गेले. शेवटी आपनच गेले पुन्याला, चाचनी का काय असती, तिला. परत आले तर हसत हुते. म्हनले, त्यांचा कीपर लई भारी हाय. माझ्यापेक्षा चांगला हाय. आपला नंबर न्हाई लागत."

"आणि हैदराबादला परत नाही गेले?"

"इचारलं की. तवर तिकडं दुसरा उभा राहिलता. त्यांनी तरी काय करावं?" त्यांनी परत लसूण हातात घेतला. मी विचारलं, "पस्तावा वाटायचा का सरांना?"

"कावून न्हाई वाटनार? रेडिओवर सामना लागला की घराबाहेर जायचे. तू खेळायला लागला तवा परत आत बसायला लागले."

 चाचींनी सुनेला चहा टाकायला सांगितलं, तो प्यालो की नाही आठवत नाही. परतीच्या एसटीत मला तुमचा राग येत होता. खरंच सांगतो, आला. मला कधी का नाही सांगितलं? मी पहिल्यांदा राज्याच्या संघातून वगळला गेलो तेव्हा तलवाड्याला येऊन तुमच्यापुढं थयथयाट केला होता, पुण्याच्या पोरांचाच संघ आहे, आपल्याकडं कोण बघतं, वगैरे. तुम्ही मॅट गुंडाळत होता. मॅट टाकून सरळ झालात. "कावून बे, त्यांच्या पोराला बॉल वळवता येतो का न्हाई?" येतो, मी म्हटलं. "तुझ्यापेक्षा जास्ती?" मी मॅटचं टोक उचलायला वाकलो. "मंग आधी तो कसा टाकतो ते बघून ये. घरी येऊन नावं कसली ठेवतो?" तेव्हा मला वाटलं होतं की सर कठोर आहेत, परिस्थिती त्यांना माहीत नाही. बसमध्ये ते वाक्य पुन्हा कानात आलं, आणि एसटी बीडच्या स्टँडला लागेपर्यंत राग कुठं गेला ते कळलं नाही. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. तुम्ही मला तेव्हा तुमचं सगळं सांगून टाकलं होतं, फक्त स्वतःचं नाव न घेता.

त्याच आठवड्यात रजा टाकली आणि राज्याचा चार दिवसांचा सामना चालू होता तिथं गेलो. मुलाला कळवलं नाही. स्टँडमध्ये माणसं तुरळक होती. आमच्या काळी या संघात आपल्या भागातली पोरं दोन असायची, ड्रेसिंग रूममध्ये एकमेकांच्या शेजारी बसायची, मराठी बोलताना जपून बोलायची. आता धाराशिवचा फास्ट बॉलर आहे, नांदेडचा ओपनर आहे, नंदुरबारकडचा एक जण आहे, आणि मैदानावर कुणी "लई भारी" ओरडलं तर कुणी वळून बघत नाही. ते बघून बरं वाटलं. मग मी कीपरकडं पाहिलं. आजवर मी त्याच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं, सर. तो माझ्यासाठी फक्त मुलाच्या वाटेतला माणूस होता. त्याची ओळख कुणाशी आहे, त्याचा क्लब कुठला आहे, हे मी चार लोकांना विचारलं होतं. तो कसा खेळतो हे मात्र विचारलं नव्हतं.

ऑफस्पिनर टाकत होता. बॉल ऑफला पडून आत वळला, बॅट्समनच्या अंगाआड लेगला गेला, म्हणजे कीपरला दिसणं शक्य नाही. तो डावीकडं सरकला तो बॉल पडायच्या आधीच. ग्लोव्हजमध्ये बॉल आला. मी साइटस्क्रीनच्या बाजूला होतो, फार लांब नाही. आवाज आला नाही. दिवसभर मी वाट बघत होतो, एकदा तरी हात कडक होईल. नाही झाला. पाण्याच्या वेळी माझा मुलगा पळत आला, बाटल्या दिल्या, कीपरच्या ग्लोव्हजच्या आतलं कापड बदलून दिलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. दोघंही हसले.

संध्याकाळी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी त्याला गाठलं. तो दचकला. "पप्पा? आई बरी आहे ना?" म्हटलं, आई बरी आहे. चहा आला. मी कप हातात घेऊन टपरीभोवती चक्कर मारून आलो. तो म्हणाला, "बसा ना." मी बसलो आणि म्हटलं, "तुमचा कीपर पाहिला आज."

"मग?"

"चांगला आहे."

"चांगला नाही पप्पा, लई चांगला आहे. मी रोज नेटमध्ये त्याच्या शेजारी उभा असतो. मला कळणार नाही का?"

"मग तू कधी बोलला नाहीस."

"तुमच्याशी काय बोलू? तुम्ही सिलेक्टर कोण आहे ते विचारता." तो हे रागानं म्हणाला नाही, त्यानं जास्त लागलं. मग कप फिरवत म्हणाला, "आणि तुमच्या सरांची गोष्ट. त्यांनी मातीसाठी खेळ सोडला. मी पाणी पाजायचं सोडून खेळायला चाललोय, तर माती सोडून चाललोय असं तुम्हाला वाटणार. म्हणून आधी विचारलं नाही. मागच्या वर्षीही बोलावलं होतं त्यांनी."

 मग मी त्याला चाचींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ग्लोव्हजचं तेल, भरलेली बॅग, पुण्याची चाचणी, तुमचं हसत परत येणं, हैदराबादला उभा राहिलेला दुसरा कीपर. तो मान खाली घालून ऐकत होता. तुम्ही त्याला फक्त मांडीवर घेतलं होतं, पण तो असं ऐकत होता की जणू तुम्ही त्याच्याशी बोलताय. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "किती हिवाळे थांबले होते म्हणालात?"

"चार."

"माझेही तेवढे होत आले."

मी म्हटलं, "जा."

त्यानं वर पाहिलं. "मनापासून म्हणताय?"

"मनापासून नाही," मी म्हटलं, "पण जा." तो हसला. मग मलाही हसू आलं. टपरीवाला आमच्याकडं बघत होता.

सीझन संपला, एनओसी आली. त्या पहिल्या कीपरनं त्याला स्वतःचे नवे ग्लोव्हज दिले, हे त्यानं आईला सांगितलं, मला नाही. आईनं तिकडं जेवायला काय मिळतं एवढंच विचारलं आणि शेंगदाण्याची चटणी इतकी बांधून दिली की विमानतळावर पिशवी उघडायला लावली. आता नवा सीझन सुरू झालाय आणि तो तिकडं खेळतोय. पहिल्या दिवशी एक स्टंपिंग सुटलं. म्हणाला, "तिथं बॉल खाली राहतो पप्पा, अंदाज यायला वेळ लागेल." मी म्हटलं, लागू दे. संघ हरला. डावानं हरला. फोनवर त्याचा आवाज थकलेला होता, पण पाणी पाजून आल्यावर यायचा तो आवाज हा नव्हता. मी ओळखतो तो फरक.

गेल्या आठवड्यात वडवणीला तालुक्याच्या स्पर्धेचं बक्षीस वाटप होतं. संयोजक माझ्या कानात म्हणाले, "तुमच्या सरांची ती गोष्ट होऊ द्या." मी माइक घेतला आणि म्हणालो, आमचे सर मोठे कीपर होते, ते पुण्याला चाचणीला गेले आणि त्यांची निवड झाली नाही, कारण त्यांचा कीपर सरांपेक्षा चांगला होता, आणि हे सरांनी स्वतः येऊन सांगितलं. मग माइक खाली घेतला.  पोरं एकमेकांकडं बघायला लागली, कुणीतरी पाठीमागून टाळी वाजवली ती एकटीच वाजली. संयोजकांनी घाईनं पुढचं नाव पुकारलं. तुम्ही असता तर काय म्हणाला असता ते मला खरंच कळत नाही. रागावला असता बहुतेक. घरातली गोष्ट मांडवात कावून सांगितली बे, म्हणाला असता. हे पत्र चाचींना वाचून दाखवावं असं मनात होतं, पण मांडवाचं ऐकून त्यांना काय वाटेल याचा भरवसा नाही, म्हणून तेही राहू दे.

पायाची भिंगरी थांबेल असं वाटलं होतं. नाही थांबली, नुसती दिशा बदलली. आज दोन्हीकडं सामने चालू आहेत, एक आपल्या राज्याचा, एक त्याचा. ऑफिसात टेबलाखाली फोन धरून बसलोय. बायकोला आणि त्याला वाटतं मी त्याच्यासाठी जीव टांगून बसतो. बसतोच. पण सर, फोन उघडला की माझं बोट पहिल्यांदा आपल्या संघाच्या स्कोअरवर जातं, आणि तो बघून झाल्यावरच त्याच्याकडं वळतं. हे मी त्याला सांगितलेलं नाही.